पहिला चेंडू, पहिलं माप

आमचे हे साखर बांधायच्या आधी कागद वाचायचे. काट्यात साखर, समोर गिऱ्हाईक ताटकळत उभं, अन् ह्यांच्या हातात रद्दीचा कागद, नाकाला टेकवलेला. "मालक, घरी चहाचं पाणी आटलं की हो," बाई म्हणायची. हे म्हणायचे, "थांब गं जरा. समुद्रात आठ पायांचं एक जनावर हाय, त्याला तीन काळजं असतात म्हणं." बाई पदर तोंडाला लावून हसायची, अन् साखर घेऊन गेली की चार घरी सांगायची, रेवणप्पानं आज नवी थाप मारली.

मुरुडात आमचं किराणा-भुसाराचं दुकान, टेसनकडं जायच्या रस्त्याला. रद्दी सोलापूरहून यायची, गठ्ठ्यानं. त्यात इंग्रजी मासिकं लई, गुळगुळीत कागदाची, चित्रांची. हे निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. इंग्रजी तिथं घोकली तेवढीच, पण डिक्शनरी मांडीवर घेऊन अक्षराला अक्षर जोडून अर्थ काढायचेच. सोडायचे न्हाईत. एक सांगून ठेवते, पुढं लागंल. वाचून सांगताना ह्यांची नजर कागदावरून हलायची न्हाई. बोट ओळीवर, डोळे बोटावर. समोर आग लागली तरी वर बघायचे न्हाईत.

त्यात अमेरिकेतल्या बेसबॉलचं ह्यांना भारी याड. बेसबॉल म्हणजे चेंडूफळीच, पण गोल दांडक्यानं खेळायची. कव्हा डोळ्यांनी बघितली न्हाई, पण सांगायचे असं की काल स्वतः खेळून आलेत. नव्या कोऱ्या चेंडूला म्हणं खेळाआधी नदीचा चिखल चोळतात, अन् तो चिखल काठावर कुठनं आणायचा ते एका घरालाच ठाऊक, बाकी कुणाला सांगत न्हाईत. एकदा म्हणं साडेतीन फुटाचा माणूस खेळायला उतरवला, चेंडू टाकणारा टाकून टाकून दमला पण तेवढ्या बुटक्याला नेम बसंना. अन् त्यांचा सगळ्यात मोठा खेळाडू, तो उन्हाळ्यात टोपीखाली कोबीचं ओलं पान ठेवायचा, डोकं थंड राहावं म्हणून.

ह्या पानानंच घात केला. बहात्तरचा दुष्काळ. ऊन असं की डोक्यावर पापड भाजावा. ह्यांनी लातूरहून कोबीचा एक गड्डा पैदा केला, पान भिजवून टोपीखाली घातलं अन् निघाले बाजारात. आता बहात्तर साली जनावरांना कडबा न्हाई, पाला न्हाई. मारुतीच्या पाराजवळ एका गाईला वास लागला. तिनं मागनं येऊन पान ओढलं, पानासंगं टोपी ओढली, अन् ह्यांच्यादेखत टोपीपण चावायला लागली. अख्खा बाजार लोळून हसला. त्या दिवसापासनं आमचे हे गावात थापाडे रेवणप्पा झाले ते झालेच.

मी भांडायचे. "कशाला सांगता लोकांना? गाढवाला गुळाची चव काय?" हे म्हणायचे, "नागम्मा, खरं हाय ते. लोकं हसली म्हणून खरं खोटं होत न्हाई."

आता मूळ गोष्ट सांगते. मला मूलबाळ न्हाई. नवस झाले, माझ्या माहेरचे उदगीरचे वैद्य झाले, हैदराबादचा डॉक्टर झाला. झालं न्हाई, बस्स. हे कव्हा एका शब्दानं बोलले न्हाईत, पण गावाला तोंड असतंच. मी नवी नवी दुकानात बसायला लागले, तव्हा एके सकाळी गल्लीतली विठाबाई ज्वारी न्यायला आली. बोहनीची वेळ, दिवसाची पहिली विक्री. मी मापटं उचललं. ती बया म्हणाली, "मालक, तुम्ही मोजा. पहिलं माप वांझोट्या हाताचं नको." तोंडावर! मी मापटं तसंच हवेत धरून उभी. रडले न्हाई, पण हात खाली येईना.

ह्यांनी शेजारचा रद्दीचा कागद उचलला. त्याच्यावर एक चित्र होतं. हॅट घातलेला जाडजूड बाप्या गर्दीत उभा राहून चेंडू फेकून राहिला. हे म्हणाले, "विठाबाई, ऐक. अमेरिकेत बेसबॉलचा खेळ मांडला की पहिला चेंडू खेळणारा टाकत न्हाई. भायेरचं माणूस मानानं बोलावतात. अन् गावोगाव तो मान कुणाचा? जिला मूल न्हाई त्या बाईचा. ती चेंडू टाकत न्हाई तवर खेळ सुरू होत न्हाई. का, तर तिला सगळी लेकरं सारखी. इथं लिहिलंय."

"चित्रात तर बाप्या हाय," विठाबाई म्हणाली.

"बाई पलीकडं हाय. फोटूत मावली न्हाई." मग मला म्हणाले, "नागम्मा, मोज. लाभ म्हण."

धान्य मोजताना आपल्यात पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. मी म्हटलं, "लाभ." आवाज असा निघाला की माझा मलाच ऐकू आला न्हाई. विठाबाईनं नाक मुरडत ज्वारी घेतली. ह्यांनी तिचं मीठ त्याच कागदात बांधलं, अन् कागद गेला तिच्या घरी चुलीत.

पण त्या दिवसापासनं ह्यांनी पहिल्या मापाला कव्हा हात लावला न्हाई. मी अंघोळीला बसलेली असले तर गिऱ्हाईक पायरीवर बसवून ठेवायचे. "बोहनी मालकिणीच्या हातची, आमच्याकडं रिवाज हाय." कुणी कुरकुरलं की अमेरिका काढायचे. ज्यांना नको ते दुसऱ्या दुकानात गेले, बाकीच्यांना सवय झाली. अन् मला काय झालं माहीत हाय? माज आला. खरंच सांगते. कुणाचं बारसं असलं अन् मला बोलावलं न्हाई, की मी घरी बसून म्हणायचे, नका बोलावू, तिकडं माझ्याबिगर खेळ सुरू होत न्हाई. त्या एका गोष्टीवर मी आख्खा संसार केला.

मग हे गेले. छातीत कळ आली अन् संध्याकाळच्या आत गेले. आमच्यात जाळत न्हाईत. मळ्यात ह्यांना बसवून, हातात लिंग देऊन मातीआड केलं. दुकान मी एकटी चालवायला लागले. रद्दी अजून यायची, पण मला वाचता कुठं येती? मी नुसती पुड्या बांधायचे. काय काय बांधून दिलं असंल कुणाला ठाऊक. जेवायला बसले की वाटायचं, आता हे म्हणतील, "नागम्मा, आज एक भारी सापडलंय." कुणी म्हणायचं न्हाई. भिंतीकडं बघून भाकरी खायची. एकटं जेवणं ही काय जेवायची रीत हाय?

दोन वर्षांनी लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून सगळीकडं आनंदीआनंद, अन् इकडं आभाळात ढगाचं नाव न्हाई. पेरलेलं जळून गेलेलं. गावातली माणसं कुणी खडी फोडायला, कुणी लातूरला. जो तो म्हणायचा, आता जे काय हाय ते लातूरला. आमचा माणिकप्पापण तेच म्हणायला लागला.

माणिकप्पा म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा मुलगा. शाळेला माझ्याकडंच होता, मग लातूरला कॉलेजात बी. कॉम. झाला. माझ्या हातच्या भाकरीवर वाढलेला. त्यानं तिथल्याच बाजारपेठेत, गंजगोलाईजवळ, भुसाराचं दुकान धरलं. जिल्ह्याचा सोहळा त्याच आठवड्यात, त्याच गडबडीत उद्घाटन. सांगायला आला, पाया पडला. मी विचारलं, "पहिलं माप कुणाच्या हातचं?"

तो चपलेकडं बघायला लागला. "गुरम्माच्या," तो म्हणाला. गुरम्मा त्याची बायको. "तिच्या माहेरची माणसं येणार हायत, काकू. ती म्हणून राहिलीत, दोन लेकरांची माय हाय, तिच्या हातानं व्हावं. तू ये ना. तू सगळ्यात मोठी. पुढं बस."

"पुढं बसायला मी काय गणपती हाय?"

"काकू, तसं न्हाई..."

"कसं न्हाई? तुझ्या काकानं कागदात वाचून दाखवलंय. अमेरिकेत..."

"त्या काकाच्या थापा हायत, काकू," तो म्हणाला. "पाव्हण्यांत बोलू नको. माणसं हसतील."

लई लागलं. सगळं मुरुड थापाड्या म्हणालं, म्हणू दे. पण ह्या पोरानं? ह्यांच्या मांडीवर बसून त्यानं तीन काळजांची गोष्ट ऐकली होती. मी म्हटलं, "ऊठ. चप्पल घाल. आत्ताच्या आत्ता चल."

त्या आठवड्यात मारुतीच्या पाराजवळ बोअर मारायची गाडी आली होती, कुठल्याशा परदेशी संस्थेची. त्यांच्यासंगं एक गोरा होता, अमेरिकेचा. मी येता-जाता बघितला होता. उन्हानं टमाट्यासारखा लाल झालेला, डोक्यावर पुढं चोच असलेली टोपी. माणिकला इंग्रजी येत होती. मी त्याला रस्त्यातच सांगितलं, "विचार त्याला. काकाचं खोटं निघालं तर गुरम्मा मोजंल, मी ब्र काढणार न्हाई. खरं निघालं तर माप माझं." माणिक हसला. त्याला वाटलं, स्वस्तात सुटलो.

बोअरचं यंत्र थांबलं होतं, पाइप बदलायचं काम चाललेलं. तोवर नुसता धुरळाच वर आलेला. मी आधी त्या गोऱ्याच्या हातात कांदा दिला. "म्हणावं खिशात ठेव, ऊन लागत न्हाई." माणिकनं सांगितलं. गोऱ्यानं कांदा हुंगला, हसला अन् खरंच खिशात घातला. माणूस बरा होता.

"आता विचार," मी म्हटलं. "तुमचा सगळ्यात मोठा खेळाडू टोपीखाली कोबीचं पान ठेवायचा का?"

माणिकनं अडखळत विचारलं. गोऱ्यानं मांडीवर थाप मारली, कसलंसं नाव घेतलं अन् भडाभडा बोलायला लागला. माणिक त्याच्या तोंडाकडं बघत एकेक शब्द पकडून सांगत होता. "हाव म्हणतो, काकू. ह्याच्या आज्यानं सांगितलं होतं ह्याला. ओलं पान. खेळता खेळता बदलायचा पण."

"चिखल?"

"हाव. नदीचा. जागा कुणाला सांगत न्हाईत."

"बुटका माणूस?"

गोरा पोट धरून हसला. त्यानं गुडघ्याच्या वर हात धरून दाखवला. "हाव, काकू," माणिक म्हणाला. आता त्याचं स्वतःचं हसणं कुठल्या कुठं गेलं होतं. "हे सगळं काकाला ठाऊक होतं?"

"मग मी काय बोंबलून राहिले इतकी वर्षं?" भोवती माणसं जमली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ऐका रे! गाईनं टोपी खाल्ली म्हणून दात काढत होता न्हवं? ऐका आता!"  वाटलं, हे असायला पाहिजे होते, निदान एवढ्या घटकेपुरते.

"आता शेवटचं," मी म्हटलं. "पहिला चेंडू."

माणिकनं विचारलं. गोऱ्यानं जोरात मान हलवली. माणिक म्हणाला, "हाव. पहिला चेंडू खेळणारा टाकतच न्हाई. भायेरचं माणूस बोलावतात. त्यांचा राष्ट्राध्यक्षपण टाकतो."

"अन् गावोगाव? तो मान मूल नसलेल्या बाईचा असतो, ते विचार."

 माणिकनं विचारलं. गोऱ्यानं भुवया वर केल्या, माणिककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, अन् म्हणाला, "नो." परत म्हणाला, "नो, नो," अन् हसत काहीतरी विचारलं.

नो म्हणजे न्हाई, हे शेंबड्या पोरालासुदिक कळतं.  त्याच टायमाला मला ती सकाळ जशीच्या तशी दिसली. मी मापटं धरून उभी, ह्यांच्या हातात कागद, अन् ह्यांचे डोळे. कागदावर नव्हते. बोट ओळीवर नव्हतं. सबंध वेळ हे माझ्याकडं बघून बोलत होते.

 माणिकनं गोऱ्याच्या तोंडावरची नजर काढली अन् माझ्याकडं बघितलं, सरळ डोळ्यांत. म्हणाला, "हाव म्हणतात साहेब. खरं हाय. लहान लहान गावांत अजून तसंच करतात."

"मग नो कशाला म्हणाला?"

"ते... मोठ्या शहरांत आता राहिलं न्हाई, म्हणाला. काका खरंच सांगत होता, काकू. माप तूच टाक."

आगं माय! हुबेहूब काका. तीच नजर, तसंच पापणी न हलवता बोलणं. बी. कॉम. झालं म्हणून काय, वळण कुठं जातंय? मी नुसती मान हलवली. त्याला कळू दिलं न्हाई.

गोऱ्याला वाटलं असंल, म्हातारीला नाराज केलं. त्यानं आपणहून एक गोष्ट सांगितली, माणिकनं ती मला समजावली. गेल्या साली म्हणं त्यांच्याकडं एक खेळ लागला तो संपंचना. बरोबरी सुटंना. थंडी अशी की खेळाडूंनी मोडकी दांडकी जाळून शेक घेतला. पहाट व्हायला आली तरी चालूच. सगळी माणसं उठून घरी गेली, अन् एवढ्या मोठ्या मैदानात बघायला अठरा-एकोणीस माणसं तेवढी बसून राहिली. शेवटी खेळ थांबवला अन् उरलेला पुढं दोन महिन्यांनी खेळले.

मी तिथनं घरी गेले न्हाई. थेट मळ्यात गेले. मळा कसला, भेगा पडलेलं रान. ह्यांच्या समाधीवरची तुळस पण वाळून गेली होती. मी तिथं बसले अन् तोंड सोडलं. "थापाडे!" मी म्हटलं. "सगळ्या गावाला खरं सांगत फिरलात, अन् खोटं सांगायला मी एकटीच सापडले? बायकोला फसवता? मी त्याच्यावर जन्म काढला हो! लोकांच्या दारावरनं ताठ मानेनं गेले. सांगायचं तर एकदा, मरायच्या आधी तरी." लई बोलले. भांडायला समोरच्यानं बोलावं लागतं. समोर माती. मग राग निवला, अन् रडू आलं. ह्यांनी आयुष्यात एकच थाप मारली, ती माझ्यासाठी. एवढा कुणी जीव लावला असंल का कुणाला? अन् आता ते कळलं, तर सांगू कुणाला?

उठता उठता म्हटलं, "एक गोष्ट तुम्हाला ठाऊक न्हाई बगा." अन् त्या न संपणाऱ्या खेळाची गोष्ट सांगितली. सवयीनं वाट बघितली, हे काय म्हणतात याची.

लातूरला मी बार्शी लाइनच्या छोट्या गाडीनं गेले, इरकल नेसून, कपाळाला विभूती लावून. गावभर झेंडे, कमानी, नवा जिल्हा म्हणून बँड वाजून राहिला. दुकानात स्वामींनी पूजा केली. ज्वारीची रास घातलेली. गुरम्माच्या माहेरची माणसं पुढं सरसावली, तिच्या आईनं तिला कोपरानं ढोसलं. माणिक मोठ्यानं म्हणाला, "काकू, या."  कुणीतरी पाठीमागं कुजबुजलं, मला ऐकू आलं.

मला आता ठाऊक होतं. सगळ्या दुनियेत कुठंच असा रिवाज न्हाई. अमेरिकेत न्हाई, लातुरात न्हाई. दोन माणसांनी माझ्या तोंडाकडं बघून तो तयार केला. एक मातीत बसलाय अन् एक समोर घाम पुसत उभा हाय. मी मापटं राशीत खुपसलं, काठोकाठ भरलं अन् असं ओरडले की बँडवाल्यानं वळून बघितलं असंल. "लाभ!"

मग मापटं गुरम्माच्या हातात दिलं. म्हटलं, "आता तू. दोन म्हण." तिचे डोळे भरून आले. बिचारी म्हणाली, "दोन." पोर वाईट न्हाई.

माणिक म्हणाला, "काकू, आता इथंच राहा." मी म्हटलं, "माझं दुकान कुणी उघडायचं?" त्यानं गाडीत बसवून दिलं. खिडकीशी उभा राहिला. खरं काय ते आम्हा दोघांना ठाऊक होतं, अन् दोघंपण गप.

आता मुरुडात सकाळी मी दुकान उघडते. मारुतीपुढच्या त्या बोअरला शेवटी गढूळ पाणी लागलं, चार घागरींनंतर दम खातं. अर्धी गल्ली रिकामी झाली हाय. विठाबाईपण लेकाकडं लातूरला गेली. ती असती तर निदान भांडलो असतो. मी झाडून घेते, दिवा लावते, रद्दीतला एखादा कागद उचलून चित्र बघते. मग ज्वारीच्या पोत्यात मापटं खुपसते, काठोकाठ भरते अन् म्हणते, "लाभ."

लाभ मी म्हणते. पण दोन म्हणायला समोर कुणीतरी लागतं.